अर्ध्या पानाचा लढवय्या

(तृतीय वर्ष, कला)

लग्नाच्या पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या नवख्या पोराच्या हाती काय देतात? मीठ. फार तर लिंबाच्या फोडी. वरण, भाजी, जिलबी, तूप ही खाती अनुभवी हातांकडे असतात. "तू मीठ वाढ, तुला जमेल," असे कोणीतरी मायेने म्हणते आणि पोरगा वाटी घेऊन ओळीत शिरतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण पाच लग्नांनंतरही ज्याच्या हाती मिठाचीच वाटी येते, त्याच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला करावा लागला, आणि तोही एका खेळापायी.

हा खेळ आपल्या कॉलेजात फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून आधी तो सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. आमच्या बाबतीत वसतिगृहातल्या सतरंजीवर. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो: "रात्र आहे. तुम्ही गडाच्या पायथ्याशी आहात. वर दरवाजात मशाल हलताना दिसते आहे." बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेले असते. आपले पात्र आता काय करील ते ज्याने त्याने सांगायचे आणि ते जमले की फसले हे फाशाने ठरवायचे. नाटक म्हणावे तर संहिता नाही, आणि पट म्हणावा तर घरे नाहीत.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन लहान पुस्तिका काढल्या आणि या खेळाला छापील रूप मिळाले. त्याआधी ही मंडळी छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळत असत. पलटणीऐवजी एकच माणूस चालवावा, त्याला नाव द्यावे, तो जगला तर पुढच्या खेळात त्याची ताकद वाढावी, ही कल्पना त्यातूनच निघाली. त्या पुस्तिकांत पात्रांचे पेशे तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि पुजारी. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, चोर आला. आता पेशांची आणि पोटपेशांची यादी पाठ करायची तर परीक्षेइतका अभ्यास करावा लागेल.

माझा मुद्दा मात्र त्या पहिल्या तिघांतच सापडतो. लढवय्याचे नियम एका दमात सांगता येत: शत्रू दिसला की फासा टाकायचा, लागला तर वार बसला, नाही तर पुढच्या वेळी. मांत्रिकाचे तसे नव्हते. कोणते मंत्र बरोबर न्यायचे ते मोहिमेआधीच ठरवायचे आणि एकदा वापरलेला मंत्र त्या दिवसापुरता संपला असे धरायचे. सुरुवातीला मांत्रिक इतका नाजूक की एका फटक्यात आडवा व्हावा. पण तगला तर पुढे सर्वांना भारी. एकाला सोपा रस्ता आणि दुसऱ्याला अवघड, अशी ही वाटणी पन्नास वर्षे चालत आली आहे आणि तिच्यावरून खेळणाऱ्यांत वादही तितकीच वर्षे चालला आहे. सगळ्या पात्रांचे नियम सारखेच सोपे असावेत, सारखेच अवघड असावेत, की कोणाचे सोपे आणि कोणाचे अवघड?

इतका विचार न करता मी दुसऱ्या वर्षाला असताना हा खेळ मराठीत करायला बसलो. मंत्रांची नावे जुळवली, ड्रॅगन काढून टाकले, सह्याद्रीतला एक गड कल्पिला. मांत्रिकासाठी चार पाने लिहिली, चोरासाठी तीन. लढवय्याला अर्धे पान पुरले. चौघे जमले तेव्हा पाने वाटायची वेळ आली आणि मी ती वाटली. हो, मीच वाटली. मांत्रिक दिला आमच्यातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या मित्राला. चोर दिला वक्तृत्वात बक्षिसे मिळवणाऱ्याला. आणि ते अर्धे पान दिले भंडारदऱ्याच्या मित्राला. (कोणाचीच नावे येथे घेत नाही. त्यांच्या पात्रांच्या नावानेच त्यांना ओळखू या.)

त्यालाच का? तो पहिल्या वर्षाला आला तेव्हा वर्गात बोलताना चाचरायचा. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा. त्याचे बोलणे आम्हाला गावाकडचे वाटायचे. एवढ्यावरून मी ठरवून टाकले की चार पाने याला झेपायची नाहीत. मी म्हणालो, "तू लढवय्या घे. सोपा आहे, तुला जमेल." तो हसला आणि पान घडी करून खिशात ठेवले.

सहासात महिने आम्ही खेळलो. मांत्रिकाची पाळी आली की पाने चाळणे, मंत्र निवडणे, माझ्याशी वाद घालणे यांत पंधरा मिनिटे सहज जात. चोर तर दर पाळीला एक भाषण ठोके. लढवय्याची पाळी आली की तो म्हणे, "वार करतो." फासा पडे आणि पाळी संपे. गॅदरिंगच्या नाटकात 'जी महाराज' एवढेच वाक्य असलेला हुजऱ्या असतो ना, तसेच. एकदा चोर गमतीने म्हणाला, "याच्या जागी उशी ठेवली तरी चालेल, फासा मी टाकीन." आम्ही सगळे हसलो. तोही हसला. पुढच्या शनिवारी त्याला अभ्यास होता, त्याच्या पुढच्या शनिवारी डोके दुखत होते. मग तो येईनासाच झाला. त्याला खेळाची गोडी नाही, असे मी धरून चाललो.

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली तेव्हा त्यानेच आम्हाला गावी बोलावले. संगमनेरहून अकोले, अकोल्याहून राजूर, आणि राजूर सोडले की एसटीच्या खिडकीतून पावसाशिवाय काही दिसत नाही. शेंडीला उतरलो तेव्हा धरण भरले होते. प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. इंग्रज साहेबांची नावे धरणाला आणि जलाशयाला अजून चिकटून आहेत, पण गावात कोणी ती फारशी उच्चारत नाही. तिथे 'धरण' म्हटले की पुरते. मित्राचे घर रतनवाडीच्या वाटेवर, पाण्याच्या काठाला. भाताची आवणी उरकलेली, त्यामुळे घरची माणसे थोडी मोकळी होती. नागलीची भाकरी आणि कसल्याशा रानभाजीवर आम्ही असा ताव मारला की त्याच्या आईला दुसऱ्यांदा तवा ठेवावा लागला.

दोन दिवस रतनगड ढगातून बाहेर आलाच नाही. गडावर जायचा बेत त्याच्या आजोबांनी एका वाक्यात मोडीत काढला: "पावसात शिडी निसारडी व्हती, गप घरी बसा." मग पडवीत बसून आम्ही माझी पाने काढली. मित्रही बसला, पाहुण्यांचा मान म्हणून असेल. नेहमीप्रमाणे मांत्रिकाने पाने चाळली, चोराने भाषण केले, लढवय्याने वार केला. तेवढ्यात वीज गेली. कंदिलाच्या उजेडात माझे बारीक अक्षर कोणाला दिसेना, आणि खेळ आपोआप थांबला.

आजोबा इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी विचारले, "ह्यो कंचा खेळ म्हनायचा? निस्तं वाचताय." मग त्यांनी चुलीतला कोळसा मागवला आणि फरशीवर वाघबकरीचा पट काढला. मोठा त्रिकोण, शेंड्यापासून खाली उतरणाऱ्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. विटेचे तीन तुकडे म्हणजे वाघ आणि पंधरा चिंचोके म्हणजे शेळ्या.

हा खेळ आपल्यापैकी काहींनी आजोळी पाहिला असेल. आंध्र आणि तमिळ मुलखात तो तीन वाघ आणि पंधरा शेळ्यांनी खेळतात. नेपाळात चौकोनी पटावर वाघ चार आणि शेळ्या वीस असतात. नियम सगळीकडे साधारण एकच. वाघाने शेजारच्या टिंबावर जावे किंवा शेळीवरून पलीकडच्या मोकळ्या टिंबावर उडी मारून तिला खावे. शेळ्या एकेक करून पटावर येतात, सगळ्या येईपर्यंत कोणी जागची हलत नाही. नंतर एका वेळी एक घर सरकते. शेळीला उडी नाही आणि कोणाला खाताही येत नाही. वाघांना सगळीकडून कोंडले की शेळ्या जिंकल्या.

मित्राने चिंचोके स्वतःकडे ओढले. मी वाघ घेतले. उडी मारता येते म्हटल्यावर कोण सोडणार? पहिल्या डावात मी दोन शेळ्या खाल्ल्या आणि खुशीत आलो. नंतर माझे वाघ कोपऱ्यात कसे गेले ते मला कळलेच नाही. दुसऱ्या डावात एकच शेळी मिळाली. तिसऱ्यात एकही नाही. प्रत्येक शेळीच्या पाठीशी दुसरी उभी. उडी मारावी तर पलीकडे टिंब मोकळे नाही. मांत्रिकाने माझ्या जागी बसून पाहिले, चोरानेही पाहिले. निकाल तोच. वर्गात चाचरणारा आमचा मित्र चिंचोका बोटांत धरून पटाकडे बघत बसायचा आणि मग तो हलकेच ठेवून द्यायचा. घाई नाही की बोलणे नाही.

आजोबा म्हणाले, "वाघाला अक्कल कशाला लागती? त्याला भूक पुरती. अक्कल लागती ती शेळीला."

मी गप्प बसलो. माझ्या चार पानांच्या मांत्रिकापेक्षा या शेळीचे नियम कितीतरी कमी होते. अर्धे पानसुद्धा नको, दोन ओळी पुरे. तरीही दर चिंचोक्याला विचार करावा लागत होता. उलट, माझ्या लढवय्याचे नियम कमी होते आणि त्याला ठरवण्यासारखेही काही नव्हते. नियम कमी असणे आणि निर्णय कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या एकच समजून बसलो होतो. बुद्धिबळातले प्यादे आपण किरकोळ समजतो. पण सरळ चालून तिरके मारणारे, पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकणारे आणि शेवटच्या पट्टीत पोचले की वजीर होणारे तेच. पटावरच्या सोंगट्यांत सर्वाधिक अपवाद त्याच्याच वाट्याला आले आहेत. कोण साधे आणि कोण अवघड, हे वरवर पाहून ठरत नाही.

रात्री सगळे आडवे झाल्यावर मी त्याला विचारले, "तू खेळायला यायचा बंद का झालास? कंटाळा आला का?"

थोडा वेळ पावसाचाच आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "सोपं होतं म्हणून नाही रे. घरी दिवसभर आवणी करून आल्यावर मलासुद्धा सोपंच बरं वाटतं. पण तू मला विचारलं नव्हतंस. चार पानं माझ्यापुढं ठेवली असतीस आणि मी म्हणालो असतो, नको बाबा, अर्धं दे, तर गोष्ट वेगळी होती."

यावर मी काय बोलणार? 'तुला जमेल' हे शब्द मी मायेने म्हटले होते. त्याला मात्र त्यांत 'तुला एवढेच जमेल' असे ऐकू आले. आणि खरे सांगायचे तर त्याने चुकीचे ऐकले नव्हते.

सकाळी आणखी एक गोष्ट कळली. चहा पिताना मी सगळ्यांपुढे चूक कबूल केली आणि म्हणालो, "आता सगळ्यांना चार-चार पाने लिहितो, म्हणजे कोणी कमी नाही." त्यावर आमचा मांत्रिक जवळजवळ ओरडलाच, "माझी दोन कमी कर आधी!" तो संध्याकाळी औषधांच्या दुकानात काम करतो. रात्री आठला सुटून आमच्याकडे यायचा तेव्हा डोके बधिर झालेले असायचे. त्याला नुसते मित्रांत बसायचे होते, फासा टाकायचा होता, हसायचे होते. पण हुशार म्हणून अवघड पात्र दिलेले, ते नको कसे म्हणायचे? सहा महिने तो ओझे वाहत होता आणि त्याला आम्ही मान समजत होतो. म्हणजे मी एकावर नव्हे, दोघांवर अन्याय केला होता, आणि दोन्ही वेळा न विचारताच.

परत आल्यावर मी या खेळाचा इतिहास जरा नीट वाचला, तेव्हा मोठमोठे लोकही याच पेचात सापडलेले दिसले. २००८ साली निघालेल्या चौथ्या आवृत्तीत सगळ्या पेशांना एकाच साच्यातली कौशल्ये दिली गेली. काही वाटेल तेव्हा वापरायची, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. लढवय्यालाही मांत्रिकाइतकीच यादी मिळाली. काहींना ते फार आवडले. काहींची तक्रार अशी की सगळे पेशे एकसारखेच वाटू लागले. दोनच वर्षांनी, २०१० साली, त्याच आवृत्तीत लढवय्याची सोपी रूपे काढावी लागली. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत निराळी तोड निघाली. एकाच लढवय्याला वाटा अनेक. एका वाटेवर फारसे लक्षात ठेवायचे नाही: वीस बाजूंच्या फाशावर एरवी वीस पडले तरच जबर वार बसतो, याला एकोणीसवरही बसतो. दुसऱ्या वाटेवर डावपेच शिकायचे आणि त्यांसाठी जादा फासे राखून ठेवायचे, ते कधी खर्च करायचे हे ज्याचे त्याने बघायचे. तलवार तीच, डोक्यावर किती नियम घ्यायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे.

ही तोड मला पटली, पण पुरती नाही. ज्याला सोपे हवे त्याने तलवारच का धरावी? औषधांच्या दुकानातून दमून आलेल्याला मंत्रच म्हणायचे असतील तर? सोपे-अवघड हे पेशाला चिकटवून टाकले की लढणारा अडाणी आणि मंत्र म्हणणारा शहाणा, ही जुनी समजूत खेळातही पुढच्या दाराने येऊन बसते. हातातल्या कामावरून डोक्याचे माप काढायची सवय आपल्या समाजाला काही नवी नाही.

आता आमचा खेळ असा आहे. प्रत्येक पेशाची दोन पाने आहेत: एक अर्धे आणि एक पुरे. दोन्ही सगळ्यांपुढे ठेवतो आणि ज्याचे त्याला उचलू देतो. मधे बदलायचे असेल तरी हरकत नाही. अर्ध्या पानाच्या मांत्रिकाला तीनच मंत्र आहेत, पण ते हवे तेव्हा म्हणता येतात. आणि अर्ध्या पानाच्या लढवय्याला मी वाघबकरीतून उचललेला एकच नियम दिला आहे: कोणत्याही क्षणी त्याने शत्रू आणि सोबती यांच्या मधे जाऊन उभे राहावे; तो उभा असेपर्यंत त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. एवढेच. पण कोणाच्या पुढे उभे राहायचे, आणि मग कोणाला उघडे सोडायचे, हे दर पाळीला त्यालाच ठरवावे लागते.

या नव्या पानांनी पहिला डाव झाला तेव्हा मी दोन्ही पाने भंडारदऱ्याच्या मित्रापुढे ठेवली. त्याने दोन्ही सावकाश वाचली आणि अर्धे उचलले. त्या रात्री आमची टोळी एका गडाच्या माथ्यावर अडकली होती. गडाला मी रतनगडासारखे नेढे दिले होते, आणि पन्नास शत्रू त्यातून येणार होते. मांत्रिकाचे तीन मंत्र संपले. चोराचे भाषण वाऱ्यावर गेले. लढवय्याची पाळी आली. तो नेहमीसारखा थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, "मी नेढ्यात उभा राहतो. चोराला माझ्या पाठीशी उभा कर. शेळीच्या मागे शेळी." पन्नासांना एकेक करून त्याच्यासमोर यावे लागले. फासा चारदा त्याच्या विरुद्ध पडला, तरी तो हटला नाही. आम्ही गडावरून जिवंत उतरलो ते त्याच्यामुळे. त्याच्या जागी उशी ठेवायची गोष्ट त्यानंतर कोणी काढलेली नाही.

आपण सगळे कला शाखेचे. दहावीनंतर 'आर्ट्सला जा, सोपं असतं, तुला जमेल' हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल! काहींनी ही शाखा आवडीने घेतली असेल, काहींना ती नुसती वाटून दिली गेली असेल. अभ्यासक्रमाची पाने दोघांचीही तीच; पण दोघांचे वर्गात बसणे सारखे नसते, हे मला आता कळते.

परवा एका मित्राच्या बहिणीचे लग्न होते. वाढायला उभा राहिलो तर शेजारी पाहुण्यांतला एक आठवीतला पोरगा. मी मिठाची वाटी उचलून त्याच्या हाती देणारच होतो. मग हात आवरला आणि विचारले, "काय वाढतोस, मीठ का वरण?"

त्याने दोन्हींकडे पाहिले. वरणाच्या बादलीतून वाफ येत होती. "मीठ," तो म्हणाला, आणि वाटी घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाला निघाला.